मागच्या दारचं सुशोभीकरण

एन्चिक, म्हणजे श्रीयुत, बदरुल यांनी मागची गल्ली सुंदर करायचं जाहीर केलं तेव्हा त्यांची बायको सालबिया न्हाणीघरातल्या गळक्या नळाखाली बादली सरकवत होती.

"अहो आबांग, आधी हा नळ सुंदर करा," ती म्हणाली.

पण नळ हा खाजगी प्रश्न होता आणि बदरुल आदल्या दिवसापासून सार्वजनिक प्रश्नांत उतरले होते. इपोह शहरात साडूकडे गेले असताना त्यांनी साडूच्या वसाहतीतली मागची गल्ली पाहिली होती. भिंतींवर चित्रं, दोन्ही बाजूंना फुलझाडं, बसायला बाकं, आणि त्या बाकांपाशी एक नवं जोडपं लग्नाचे फोटो काढून घेत होतं. गल्लीत! साडू खिशात हात घालून असा उभा होता, की ते लग्नही त्यानेच जुळवलं असावं. परतताना गाडीत बदरुल एक शब्द बोलले नाहीत. सालबियाला वाटलं, पोट बिघडलं.

तामान सेरुनी या त्यांच्या वसाहतीची मागची गल्ली वेगळ्या वळणाची होती. घरांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून उभ्या, मधून गल्ली, आणि गल्लीच्या मधून गटार. पुढच्या अंगणात जे ठेवायची लाज वाटेल ते लोक मागे ठेवत. बंद पडलेली वॉशिंग मशिनं, गंजलेल्या सायकली, कुणाच्या तरी पहिल्या संसारातला सोफा. समोरच्या रांगेतल्या फूंग अंकलनी म्हातारपणी आपलं हार्डवेअरचं दुकान विकलं, पण दुकानातले टब विकले नाहीत. त्या टबांत त्यांनी पपई, मिरच्या आणि लसणाची पात अशी शेती मांडली होती, की गल्लीतून जाणाऱ्याला पिकातून वाट काढावी लागे. शेजारच्या लेचुमी अक्का म्हणजे सरकारी इस्पितळातल्या निवृत्त मेट्रन. त्यांनी मागच्या दाराला पत्र्याची शेड ठोकून धुण्याचा कारखाना काढला होता, आणि दोऱ्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ओल्या साड्या बाजूला सारत चालताना आपण चुकून नाटकाच्या रंगमंचावर आलो की काय असं वाटे.

"अतिक्रमण," बदरुल म्हणाले. हा शब्द त्यांनी साडूकडून आणला होता.

बदरुल एका विमा कंपनीत दाव्यांच्या खात्याचे उपप्रमुख होते. लोकांनी मागितलेले पैसे का देता येत नाहीत, हे त्यांना गोड शब्दांत कळवणं हे त्यांचं काम. ते त्यांना इतकं साधलं होतं, की नकार मिळालेले काही लोक ईदला त्यांना शुभेच्छा पाठवत. अशा माणसाला गल्ली म्हणजे किस झाड की पत्ती! रविवारी सकाळी त्यांनी आपल्या पोर्चमध्ये खुर्च्या मांडून सभा बोलावली आणि अध्यक्षपद स्वतःकडेच घेतलं. सालबियाने करीपाप तळले होते. बटाट्याचं तिखट सारण भरलेल्या त्या करंज्यांची कीर्ती वसाहतीबाहेर गेली होती. लग्नकार्याला तिच्याकडे मागणी असायची. सभेला गर्दी झाली. ती आपल्या विचारांना झाली अशी बदरुल यांची समजूत झाली आणि पुढचं सगळं त्या समजुतीतून घडलं.

"रस्ता हा आपल्या घराचाच एक भाग असतो," त्यांनी सुरुवात केली. "शहर म्हणजे काय? शहर म्हणजे..."

"भिंतीवर मासे काढा," फूंग अंकल म्हणाले. "कार्प मासे. भरभराट होते."

"मोर," लेचुमी अक्का म्हणाल्या. त्या सुचवत नसत, सांगत. वॉर्डात सांगितल्यासारखं.

"बाकं मात्र नकोत," कोपऱ्यावरचे हाजी म्हणाले. "बाकं आली की प्रेमी येतात."

"मग येऊ देत की," अक्का म्हणाल्या. "या गल्लीत उंदरांशिवाय कुणी येत नाही. बदल होईल."

यावर प्रेमी बरे की उंदीर बरे अशी चर्चा सुरू झाली आणि ती करीपाप संपेपर्यंत चालली. शेवटी बदरुलनी आवाज चढवला.

"चित्र, बाकं, ते सगळं नंतर. आधी अतिक्रमणं निघाली पाहिजेत. नियम म्हणजे नियम. माझं अतिक्रमण असतं ना, तर मी स्वतःच्या हाताने त्यावर हातोडा घातला असता!"

टाळ्या वाजल्या. एक टाळी जरा मोठी होती. ती फूंग अंकलची.

त्यानंतर रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बदरुल घरोघर जाऊ लागले. ते भांडत नसत, समजावत. भांडणाऱ्या माणसाला हाकलता येतं. समजावणाऱ्या माणसाला चहा द्यावा लागतो. लोक कंटाळले. सोफा गेला, सायकली गेल्या. अक्कांनी शेड उतरवली आणि पत्रे भंगारवाल्याला देताना "घ्या, समाजाची सेवा झाली!" असं बदरुल यांच्या खिडकीकडे तोंड करून म्हटलं. फूंग अंकलनी टब वाटून टाकले. पपईचं झाड फळांनी लगडलेलं होतं, ते दुसरीकडे जगणार नव्हतं. ते तोडलं तेव्हा म्हातारा घरात जाऊन बसला आणि दोन दिवस त्याने मागचं दार उघडलं नाही. बदरुल यांना ते जरा लागलं. पण मोठ्या कामात असं व्हायचंच, असं त्यांनी सालबियाला सांगितलं.

"पपई छान होती," सालबिया एवढंच म्हणाली.

चित्राच्या बाबतीत मासे आणि मोर यांत तडजोड म्हणून वाघ ठरला. तडजोड कशी, ते विचारू नये; अध्यक्षांना वाघ हवा होता. रंगवायला जो पेंटर मिळाला त्याने जन्मभर निवडणुकीचे फलक रंगवले होते. वाघ झाला, पट्टे झाले, शेपूटही झालं, पण चेहऱ्याशी आल्यावर त्याच्या हाताची सवय आडवी आली. वाघ मतं मागत असल्यासारखा हसू लागला. शिवाय जाड भुवया, मधे भांग पाडल्यासारखा पट्टा आणि टोकाला खाली वळलेल्या मिशा. लोक चित्राकडे बघत, मग बदरुल यांच्याकडे बघत, मग परत चित्राकडे.

"तंबी, फोटो छान आलाय हो," लेचुमी अक्का धाकट्या भावाला हाक मारावी तशा म्हणाल्या.

तेव्हापासून बदरुल मिशा थोड्या बारीक कापू लागले. त्याने साम्य वाढलं.

यथावकाश नगरपालिकेने बदरुल यांच्या अर्जाची दखल घेतली. रस्ते आणि सार्वजनिक जागा यांचं रूप ठरवणाऱ्या विभागातून अझ्लीन नावाची तरुण अधिकारी आली. डोक्याला फिकट निळा रुमाल, पायात बूट, काखेत नकाशांची गुंडाळी, आणि हातात लांब टेप. इतके दिवस लोकांना जे नाटक वाटत होतं ते खरं निघालं, म्हणून दोन्ही रांगांतली झाडून सगळी मागची दारं उघडली. बदरुल इस्त्रीचा बाटिक शर्ट घालून अझ्लीनच्या बरोबरीने, टेपच्या पुढे पुढे चालत होते.

फूंग अंकलचं घर मापलं, ठीक. हाजींचं ठीक. लेचुमी अक्कांचं, शेड गेल्यामुळे, ठीक.

"शाब्बास," बदरुल म्हणाले.

मग टेप त्यांच्या स्वतःच्या घराशी आला आणि थांबला. अझ्लीनने नकाशा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग म्हणाली, "एन्चिक, जरा आत येऊ?"

टेप मागच्या दारातून आत शिरला. सालबियाचा मिक्सर ओलांडून, भांड्यांच्या मांडणीखालून, जमिनीवरून सरपटत तो थेट गॅसच्या शेगडीपाशी जाऊन टेकला. अझ्लीनने पिवळ्या खडूने फरशीवर रेघ ओढली. रेघेच्या एका बाजूला शेगडी राहिली, दुसऱ्या बाजूला सिंक, फ्रिज, खिडकी आणि मागचं दार. थोडक्यात, बदरुल यांचा चहा त्यांच्या घरात होत होता आणि कप नगरपालिकेत धुतले जात होते.

"आम्ही घर घेतलं तेव्हापासून हे असंच आहे," बदरुल म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात, एन्चिक," अझ्लीन अगदी गोड आवाजात म्हणाली.

हा आवाज बदरुल यांच्या ओळखीचा होता. तो त्यांचा ऑफिसातला आवाज होता.

कुणीतरी खोकलं. मग समोरून फूंग अंकलचा आवाज आला, "बॉस, हातोडा माझ्याकडे आहे. तीन मापांत आहे. कुठला देऊ?"

जाताना अझ्लीनने बदरुल यांना बाजूला घेतलं. पोरगी मनाची चांगली होती. "एन्चिक, अर्ज तुमचाच आहे. तुम्ही तो मागे घेतलात, तर योजना इथेच थांबेल. मग पुन्हा मापायला कोण येतंय?"

पुढचे दोन दिवस बदरुल यांनी एक भाषण तयार केलं. सध्याच्या परिस्थितीत गल्लीचं सुशोभीकरण पुढे ढकलणं हेच समाजाच्या व्यापक हिताचं कसं आहे, असा त्याचा मथितार्थ होता. भाषण उत्तम झालं होतं. ते आधी लेचुमी अक्कांना ऐकवावं, म्हणजे बाकीचे गप्प बसतील, या हिशेबाने ते त्यांच्याकडे गेले. दार उघडलं तर अक्कांच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्यांवर, टेबलावर, टीव्हीवर साड्या पसरलेल्या. पंखा पूर्ण वेगाने चालू. बसायला जागाच नव्हती.

"या तंबी. ती हिरवी साडी जरा उचला आणि बसा. दोरी नाही ना आता, घरातच वाळवते. खोकला झालाय ओलीमुळे, पण चालायचंच. गल्ली छान दिसते मात्र." अक्का पहिल्यांदाच टोमणा न मारता बोलल्या. "काही काम होतं?"

बदरुल ओली हिरवी साडी मांडीवर घेऊन बसले. त्यांना भाषणाचं पहिलं वाक्यही आठवेना. "खोकल्याला औषध घेताय ना?" एवढंच विचारून ते परत आले.

घरी आल्यावर त्यांनी सालबियाला सगळं सांगितलं. अर्ज मागे घेता येईल हेही सांगितलं. सालबिया त्या रेघेच्या अलीकडे उभी राहून कांदा चिरत होती. हे स्वयंपाकघर म्हणजे तिचं राज्य होतं. तिच्या ऑर्डरी इथे तळल्या जात, इथेच तिचा रेडिओ, इथेच तिची रागाने गप्प बसायची जागा. कांद्याने डोळ्यांत पाणी आलं होतं, की कशाने, ते बदरुल यांना कळलं नाही आणि विचारायचा धीर झाला नाही.

"अक्कांची शेड तुम्हीच काढायला लावलीत," ती शेवटी म्हणाली. "फूंग अंकलची पपई तुम्हीच तोडायला लावलीत. आता मला गल्लीत तोंड दाखवायचंय, आबांग. तोडा."

"आणि स्वयंपाक?"

"ते माझं मी बघते."

फूंग अंकलनी मधल्या मापाचा हातोडा दिला. पहिला घाव बदरुल यांनी घालावा असा सगळ्यांचा आग्रह पडला. त्यांनी घातला. भिंतीला काही झालं नाही. मनगट मात्र मुरगळलं आणि अक्कांनी सर्वांदेखत पट्टी बांधली. उरलेलं काम एका कंत्राटदाराने सकाळपासून दुपारपर्यंत झपाट्याने उरकलं. पाडण्यात तो निष्णात होता. बांधायचं म्हटल्यावर त्याचा फोन बंद झाला. मग त्याची आत्या वारली, मग दुसरी आत्या वारली, आणि बदरुल यांच्या घराला मागून भिंतच उरली नाही. गल्लीतून जाणाऱ्याला त्यांचा टीव्ही दिसे. टीव्ही बघणाऱ्या बदरुलना गल्लीतून जाणारे दिसत.

सालबियाने काय बघितलं, तर तिने निळी ताडपत्री आणली, तिची दोन टोकं घराला आणि दोन फूंग अंकलच्या भिंतीला बांधली, आणि शेगडी उचलून थेट गल्लीच्या मधोमध मांडली.

बदरुल ऑफिसातून आले आणि बॅग हातात तशीच धरून उभे राहिले. "अगं, हे अतिक्रमण आहे!"

"भिंत असली तर अतिक्रमण. मी नुसती उभी आहे," सालबिया म्हणाली. "सरका, तेल उडेल."

पहिल्या दिवशी वासाने मांजरं आली. दुसऱ्या दिवशी लेचुमी अक्का खोकत खोकत आल्या, खुर्ची घेऊन. गरम वाफेने छातीला बरं वाटतं म्हणाल्या. त्या जाताना खुर्ची नेईनात. मग फूंग अंकल आले. त्यांना शेगडीचा बर्नर नीट बसलेला नाही हे घरातून दिसलं होतं. बर्नर बसवून झाल्यावर त्यांनी घरातून एक घडीचं टेबल आणलं, दुसऱ्या दिवशी सोयाबीनचं पनीर आणि भाजी आणली, आणि सालबियाच्या हलाल कढईत काय चालतं आणि काय चालत नाही हे न सांगता पाळलं. हाजी आधी लांबून बघत. मग त्यांनी विचारलं, "हे करीपाप विकत आहेत की नुसतेच?" नुसतेच म्हटल्यावर ते बसले.

एवढी वर्षं पाठीला पाठ लावून राहिलेल्या त्या लोकांना एकमेकांबद्दल फक्त एवढंच माहीत होतं, की कोण किती वाजता फ्लश ओढतो. आता त्यांना एकमेकांच्या जावयांची नावं माहीत झाली.

यात आनंदी नव्हता तो एकच माणूस. बदरुल यांचं रात्रीचं जेवण आता सार्वजनिक झालं होतं. ते लुंगी नेसून ताटावर बसले, की अक्का खुर्चीतूनच विचारत, "तंबी, आज साखर किती आली?" आकडा ऐकून दुसऱ्यांदा वाढलेला भात परत जाई. त्यांच्या बद्धकोष्ठावर फूंग अंकलनी एक उपाय सांगितला, हाजींनी दुसरा, आणि कुठला गुणकारी यावर त्या दोघांची पैज लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही उत्सुकतेने त्यांची वाट पाहत होते. ज्या गल्लीला आपण संस्कृती द्यायला निघालो तिने आपलं असं प्रदर्शन मांडावं, याचं बदरुल यांना फार वाईट वाटे. शिवाय गल्लीतले सगळे आता या गल्लीला "सालबियाची गल्ली" म्हणू लागले होते.

दरम्यान नगरपालिकेचं काम सुरूच होतं. गटारावर झाकणं बसली, फुलझाडांचे वाफे आले, दिवे आले. बाकंही आली, चकचकीत स्टीलची. ती नकाशात जिथे होती तिथेच, भर उन्हात बसवली गेली. उद्घाटनाला स्वतः नगराध्यक्ष, ज्यांना सगळे दातो या किताबाने ओळखत, येणार असं ठरलं. अझ्लीन आदल्या दिवशी पाहणीला आली आणि ताडपत्री बघून तिने कपाळाला हात लावला.

"हे सगळं काढायला हवं, एन्चिक. नकाशात नाही."

बदरुल यांनी ताडपत्री काढली, शेगडी आत ठेवली, अक्कांची खुर्ची अक्कांना नेऊन दिली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच गल्ली त्यांना मनासारखी दिसली. स्वच्छ, रंगीत, रिकामी. थेट साडूच्या गल्लीसारखी. त्या रात्री ते समाधानाने झोपले.

सकाळी दहाला दातो आले. बरोबर अधिकारी, फोटोग्राफर, हारवाले. बदरुल सोंगकोक टोपी, नवा बाटिक, छातीवर फूल, अशा थाटात पुढे झाले. गल्लीत दुसरं कुणीही नव्हतं. एक मांजर होतं, तेही निघून गेलं.

"सुंदर," दातो म्हणाले आणि बाकावर बसले. आणि उठले. उठणं इतकं तातडीचं होतं, की फोटोग्राफरला फोटो काढता आला नाही. दातोंनी पाठीमागून पँट चाचपली आणि थंड आवाजात विचारलं, "लोक कुठे आहेत?"

अधिकाऱ्यांनी अझ्लीनकडे बघितलं. अझ्लीनने बदरुल यांच्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. बदरुल यांना एकदम आठवलं, की हिने आपल्याला वाचवायचा प्रयत्न केला होता.

ते धावले. फूंग अंकलचं दार वाजवलं. "उन्हात कशाला येऊ?" फूंग अंकल म्हणाले. "तिथे आहे काय?" अक्का म्हणाल्या, "खुर्ची तुम्हीच परत आणून दिलीत." हाजींनी दार उघडलं नाही, पण आतून विचारलं, "तळण आहे का?"

बदरुल घरी आले. सालबिया ठेवणीतला पोशाख करून पलंगावर बसली होती.

"सालबिया," ते म्हणाले, आणि पुढचे शब्द तोंडातून बाहेर काढायला त्यांना विमा कंपनीतल्या सगळ्या सरावाची गरज लागली. "तुझी शेगडी बाहेर आण. मी सिलिंडर आणतो."

तिने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी वाटेल ते ऐकायची तयारी केली होती. पण ती नुसती बाह्या वर सारून उठली.

आणि मग तामान सेरुनीचे अध्यक्ष, डोक्यावर टोपी, छातीवर फूल, दोन्ही हातांनी गॅसचं सिलिंडर पोटाशी धरून, धापा टाकत दातोंच्या समोरून गेले. कढई तापली. तेलात पहिला करीपाप पडला आणि चर्र झालं. त्या आवाजाने जे झालं ते कुठल्याही भाषणाने झालं नसतं. मागची दारं एकेक करून उघडू लागली. फूंग अंकल टेबल घेऊन आले. अक्का खुर्ची घेऊन आल्या आणि दातोंना म्हणाल्या, "बसा. ही थंड आहे." हाजींनी ताडपत्रीचं एक टोक धरलं, दुसरं अझ्लीनने धरलं. वेळ अशी आली, की नगरपालिकेच्या अधिकारी बाई स्टुलावर चढून निळ्या ताडपत्रीची गाठ मारत होत्या आणि दातो तोंडात करीपाप असल्यामुळे त्याला हरकत घेऊ शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मधे दातो, शेजारी हसणारी सालबिया, मागे सगळी गल्ली. एका कडेला वाकलेला एक माणूस अर्धा कापला गेला होता. खाली सगळ्यांची नावं होती. त्या माणसापुढे लिहिलं होतं, गॅस पुरवठादार. साडूने इपोहून फोन करून खास अभिनंदन केलं.

अझ्लीनने नकाशा पुन्हा काढला. बाकं सावलीत हलली आणि त्यांना लाकडी फळ्या लागल्या. ताडपत्रीच्या जागी नगरपालिकेचं पक्कं छप्पर आलं, अक्कांसाठी एका टोकाला कपडे वाळत घालायची रीतसर दोरी आली, आणि फूंग अंकलना वाफ्यांपैकी दोन मिळाले. कंत्राटदाराच्या आत्या संपल्या आणि बदरुल यांची भिंत उभी राहिली. नवं स्वयंपाकघर लहान पण देखणं झालं. सालबिया पाऊस असला की तिथे स्वयंपाक करते.

अलीकडे दुसऱ्या वसाहतींतले लोक गल्ली बघायला येतात. मागच्या शनिवारी असाच एक गृहस्थ आला. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची गुंडाळी, डोळ्यांत चमक. बरोबर बायको होती, जरा कंटाळलेली. त्याला कुणीतरी बदरुल यांच्याकडे पाठवलं. बदरुल लुंगीवर बसून कांदे सोलत होते.

"एन्चिक, आम्हालाही आमची गल्ली अशीच करायचीय," तो उत्साहाने म्हणाला. "नेमकी सुरुवात कुठून करावी? चित्रांपासून, बाकांपासून की आधी अतिक्रमणं काढावीत?"

बदरुल यांनी त्याच्याकडे बघितलं. सांगण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं. रस्ता, घर, शहर, यांवर भाषण अजूनही तयार होतं. पण त्यांनी कांदा खाली ठेवला, डोळे पुसले, आणि त्या गृहस्थाला ओलांडून त्याच्या बायकोला अदबीने विचारलं,

"ताई, तुमची शेगडी उचलता येते का?"